माझं टोपणनाव आणि सांगलीचा रेडिओ



संयोजकांनी मला विषय दिला होता, ‘माझ्या जडणघडणीत शाळेचा वाटा’. मी घरी बसून चार पानं लिहिलीही होती. त्यात संस्कार होते, शिस्त होती, ज्ञानमंदिर होतं. पण सकाळी शाळेच्या फाटकातून आत आले आणि मागून कुणीतरी ओरडलं, “ए दादला! आली बघ दादला!” तीस वर्षं झाली. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर झाले, पुण्यात माझ्या हाताखाली बावीस जणांची टीम आहे, ती मला मॅडम म्हणते. आणि इथे फाटकातच माझा दादला झाला! तेव्हा ती चार पानं पर्समध्येच ठेवते आणि या नावामागची गोष्ट सांगते. तुम्हा सगळ्यांना वाटतं की ती गोष्ट तुम्हाला माहीत आहे. तुम्हाला निम्मीच माहीत आहे. उरलेली निम्मी मी तीस वर्षांत कुणाला सांगितली नाही. आज सांगते आहे ती घरच्यांना विचारून.

आपल्या वर्गात हजेरी घेताना सर अधूनमधून विचारायचे, “वडील कुठं असतात?” आठवतंय? निम्म्या वर्गाची उत्तरं भूगोलाच्या पुस्तकासारखी असायची. कुणाचे वडील मदुराईला, कुणाचे सेलमला, कुणाचे लुधियान्याला, कुणाचे पार आसामात. खानापूर, आटपाडी, तासगाव या आपल्या पट्ट्यात पाऊस कमी. म्हणून माणसं गलाईच्या धंद्याला बाहेर पडली. सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं, सराफाच्या दुकानातल्या कचऱ्यातूनही कण काढायचे, असं ते काम. ज्यांनी स्वतःची दुकानं काढली त्यांचे गावात बंगले झाले. आमचे अण्णा दुसऱ्याच्या दुकानात भट्टीवर कामाला होते, मदुराईला. आमचा बंगला झाला नाही. आमच्या घरी त्यांची दोन चिन्हं होती. एक भिंतीवरचा मीनाक्षी मंदिराचा फोटो आणि दुसरा रेडिओ.

रेडिओ दोन बँडचा होता, फिलिप्सचा, चामड्याच्या कव्हरातला. तो माजघरातल्या फळीवर असायचा. एका सुट्टीत अण्णांनी तो फिरवून फिरवून सांगली केंद्र जिथे सगळ्यात स्वच्छ लागतं ती दिशा शोधली आणि फळीवर पेन्सिलीने रेघ मारली. “या रेघेवर ठेवायचा. हलवायचा नाही.” पुढे इंजिनिअरिंगला गेल्यावर मला कळलं, की आत फेराइटची एक कांडी असते, तिला तारेचं वेटोळं असतं, आणि ती कांडी स्टेशनच्या दिशेला आडवी असली की मध्यम लहरी उत्तम पकडते. अण्णा सातवी शिकलेले. त्यांना फेराइट माहीत नव्हतं, पण रेघ बरोबर होती.

सांगली केंद्र १९६३ सालचं. माझ्या आईच्या माहेरी ते सुरू झाल्याचं कौतुक झालं होतं म्हणे. १२५१ किलोहर्ट्झ हा आकडा मला आजही आधार क्रमांकापेक्षा जास्त पाठ आहे. दिवसा सांगली स्वच्छ लागायचं. रात्र झाली की मध्येच कन्नड यायचं, मग आणखी कुठलीतरी भाषा, मग सगळ्यांची खिचडी. रात्री वातावरणाच्या वरच्या थरावरून या लहरी परावर्तित होऊन लांबवर जातात, हे ज्ञान नंतरचं. तेव्हा आजीचं स्पष्टीकरण होतं, “दिवसा ज्याची त्याची कामं असत्यात. रात्री समदी गप्पा माराय येत्यात.”

रेडिओवर सत्ता आजीची. सकाळी भक्तिगीतं, संध्याकाळी शेतीचा कार्यक्रम, बाजारभाव, बातम्या. विकायला आमच्याकडे काही नसायचं, पण भाव ऐकायचे! सेल संपत आले की आम्ही ते उन्हात ठेवायचो. दोन दिवस आणखी चालायचे. तुमच्यातल्या किती जणांनी सेल उन्हात ठेवलेत? हात वर करा. बघा, अख्खा वर्ग.

आता गोष्ट १९९४ सालची. आपण नववीत होतो. त्या वर्षी शिमग्यानंतर अण्णांची मनीऑर्डर आली नाही. पुढच्या महिन्यातही नाही. मग पत्र येणंही थांबलं. एप्रिल, मे, जून. पोस्टमन आमच्या दाराजवळ आला की सायकलचा वेग वाढवायचा. त्यालाही अवघड वाटत असणार.

घरात यावर कुणी एक शब्द बोलत नव्हतं. आई दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायला लागली. आजीने तिला एकदाही विचारलं नाही, की आज कुणाच्या रानात. आणि आईने आजीला एकदाही विचारलं नाही, की तुमच्या मुलाचं काय झालं असेल. आजीला वाटायचं, सून मनातून आपल्या लेकाला शिव्या देत असेल. आईला वाटायचं, सासू आपल्यालाच पांढऱ्या पायाची समजत असेल. दोघी एका चुलीपुढे बसायच्या आणि दोघींच्या मध्ये अण्णा असायचे, न आलेले. मी चौदा वर्षांची. मी शाळेत येऊन सांगायचे, अण्णांचं पत्र आलंय, दिवाळीला सायकल आणणार आहेत. तुमच्यातल्या काहींना ती सायकल आठवत असेल. ती कधीच नव्हती.

सप्टेंबरमधली संध्याकाळ. त्या वर्षीचा पाऊस उशिरा आणि एकदम आला. आमची कौलं तीन ठिकाणी गळत होती. तिथे खाली पातेली ठेवली होती, टप टप चाललं होतं. लाइट गेलेली. आई चुलीपुढे भाकरी करत होती, चिमणीच्या उजेडात. भाजी होती शेवग्याच्या पाल्याची, आणि तिला फोडणी नव्हती, कारण तेलाची बाटली दोन दिवसांपासून उलटी करून ठेवलेली. आजी भिंतीला टेकून रेडिओ ऐकत होती. निवेदिका म्हणाली, आता ऐका लोकसंगीत, शाहीर साबळे आणि पार्टी.

ढोलकी वाजली, आणि एक भरदार पुरुषी आवाज एका बाईची तक्रार सांगायला लागला. हा नवरा मला नको, म्हणून. नाथांचं ते भारूड तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे, माझ्यामुळे तर नक्कीच. पुरुषाच्या आवाजात बाईचं गाऱ्हाणं, तेही असं ठसक्यात, मी पहिल्यांदा ऐकलं आणि फसकन हसले. मग ती बाई एकेक सांगायला लागली. घर मोडकं, छप्पर तुटकं. लुगडं फाटलंय, शिवायला दोरा नाही. भाकरी आहे, पाल्याची भाजी आहे, पण भाजीवर तेल नाही.

माझं हसू जागच्या जागी थांबलं. मी पातेल्याकडे बघितलं. बाटलीकडे बघितलं. आईकडे बघायची हिंमत झाली नाही. आमच्या घरात कुणीतरी चोरून बघून गेलंय आणि रेडिओवर जाऊन सांगतंय, असं मला वाटलं. आजीचा हात रेडिओच्या बटणाकडे गेला. आता ती बंद करणार, असं वाटलं. हात तिथेच थांबला. आणि मग आजीचे खांदे हलायला लागले. तिने पदराचा बोळा तोंडात धरला, तरी आवाज फुटलाच. ती म्हणाली, “अगं, ह्यो तर माझ्याच ल्याकाचं गाणं म्हणतोय की गं रेडिओवर!”

सहा महिन्यांत त्या घरात अण्णांबद्दल उच्चारलेलं ते पहिलं वाक्य.

आईने मागे वळून बघितलं. आधी ती घाबरली होती. मग तिलाही हसू आलं. तिला हसताना बघून आजी आणखी हसली. आजी हसतेय म्हणून आई. पिठाचे हात डोळ्यांना लावले, तर सगळं तोंड पांढरं झालं. मग आम्ही तिघी त्यावर हसलो. मग कधीतरी त्यातलं हसणं संपलं आणि दोघी रडायला लागल्या. ते नक्की कुठे बदललं, मला सांगता येणार नाही. तव्यावरची भाकरी करपली. ती आम्ही तशीच खाल्ली.

दुसऱ्या दिवशी आजीने मला आंतरदेशीय पत्र आणायला पाठवलं. मदुराईच्या जुन्या पत्त्यावर लिहून उपयोग नव्हता, म्हणून तिथल्याच एका गाववाल्याच्या दुकानावर, अण्णांना देण्यासाठी. आजीने सांगितलं आणि मी लिहिलं. क्रम गाण्याचाच. आधी छप्पर, मग लुगडं, मग दोरा, मग तेल. आजी सांगताना मध्येमध्ये हसत होती. शेवटी ती आईला म्हणाली, “तुझं काय लिहायचंय?” आई म्हणाली, “माझं काही नाही म्हणावं. पण पत्र तेवढं टाकावं.”

तीन आठवड्यांनी मनीऑर्डर आली, तीनशे रुपयांची. मागून पत्र. मालकाने शिमग्यालाच दुकान बंद केलं होतं. अण्णा कुठे हमाली, कुठे रात्रीची राखण असं करत होते. पैसे नाहीत तर कोणत्या तोंडाने पत्र लिहायचं, म्हणून लिहिलं नव्हतं. खाली मुद्देसूद उत्तर होतं. “छप्पर दिवाळीला आल्यावर बघतो. दोरा पाठवत नाही, तो गावात मिळतो. तेल दुकानातून माझ्या नावावर घ्या.” आणि शेवटची ओळ, “आईला सांग, ते गाणं मीपण ऐकलेलं आहे.”

दिवाळीला अण्णा आले. सायकल नव्हती. परत गेले नाहीत. गावातच मिळेल ते काम करायला लागले.

इथून पुढची निम्मी गोष्ट तुमची. जानेवारी १९९५, स्नेहसंमेलन. मी नाव दिलं, भारूड म्हणणार. मराठीच्या बाईंनी ते लगेच घेतलं. पण तालमीच्या वेळी एका सरांनी शंका काढली. नववीतल्या मुलीने स्टेजवर उभं राहून नवरा नको म्हणायचं, पालक काय म्हणतील? सरांचा हेतू वाईट नव्हता, काळजीच होती. बाई शांतपणे म्हणाल्या, “सर, नाथांना चारशे वर्षांत कुणी थांबवलं नाही. आपण कशाला थांबवायचं?”

बाई आज इथे समोर बसल्या आहेत. बाई, तुम्ही त्या दिवशी मला स्टाफरूमबाहेरच्या पायरीवर बसवून जे सांगितलंत, ते मला माझ्या डिग्रीपेक्षा जास्त उपयोगी पडलं. तुम्ही म्हणालात, भारुडाला दोन अर्थ असतात. वरचा सगळ्यांना कळतो, आतला ज्याचा त्याला. वरवर ती बाई नवऱ्याला कंटाळली आहे. आतून जीव या प्रपंचाला कंटाळला आहे, त्याला हवा असलेला रस इथे सापडत नाही. विंचू चावल्याचं भारूड घ्या. वरवर एक माणूस विंचू चावला म्हणून नाचतोय, लोक हसतायत. आतला विंचू काम-क्रोधाचा, आणि उतारा सत्त्वगुणाचा. पैठणच्या वाळवंटात नि पंढरीच्या वाटेवर जी माणसं पोथी ऐकायला बसली नसती, ती हे ऐकायला थांबली.

आणि दुसरं सांगितलंत ते म्हणण्याबद्दल. मी तालमीत ते गाणं फार दुःखी करून म्हणत होते. कारण मला तिसरा अर्थ माहीत होता, आमच्या घरचा. तुम्हाला तो मी सांगितला नव्हता. तुम्ही ओळखला होतात की नाही, मला माहीत नाही. तुम्ही एवढंच म्हणालात, “रडून म्हणू नकोस. रडलीस तर लोक तुझी कीव करतील आणि घरी जातील. हसून म्हण, म्हणजे त्यांना त्यांचं घर दिसेल.”

मग ती संध्याकाळ. आजीचं नऊवारी, कपाळाला आडवं कुंकू, हातात तुटकी पत्रावळ. तुम्ही सगळे सतरंजीवर पुढे बसलेले. मी पहिली ओळ म्हटली आणि मुलांच्या बाजूने जो हशा उसळला, तो मला अजून ऐकू येतो. ‘वन्स मोअर’ झाला. दुसऱ्या दिवशी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं, ‘दादला’. मी पुसलं नाही. तुम्हाला वाटलं, मला राग आला नाही म्हणून. मला खरं तर ते नाव आवडलं होतं.

कारण त्या संध्याकाळी एक गोष्ट झाली, ती तुम्ही बघितली नाहीत. आई आणि आजी बायकांत बसल्या होत्या. अण्णा सकाळीच म्हणाले होते, मी येत नाही, कौलं फेरायची आहेत. ते येणार नाहीत, म्हणूनच मी निवांत होते. त्यांच्यासमोर मी ते गाणं म्हटलंच नसतं. गाणं संपवून, वन्स मोअर संपवून, मी बोचकं घेऊन फाटकाबाहेर आले. तर शेंगदाणेवाल्याच्या गाड्याशेजारी अण्णा उभे. हाताला कौलांची माती तशीच. माझ्या पोटात गोळा आला. त्यांनी काही न बोलता माझ्या हातातलं बोचकं घेतलं आणि चालायला लागले. मी मागे. ओढ्यापर्यंत आम्ही एक शब्द बोललो नाही. ओढा ओलांडल्यावर ते म्हणाले, “तेलाची ओळ जरा हळू म्हणालीस. मागं ऐकू आली नाही.”

एवढंच. त्या सहा महिन्यांबद्दल अण्णा माझ्याशी याहून जास्त कधी बोलले नाहीत आणि मला जास्त काही ऐकायचंही नव्हतं.

त्यानंतर मी शाहीर साबळ्यांच्या मागे लागले. एका जुन्या वहीत नोंदी ठेवायला सुरुवात केली. तारीख, वेळ, गाणं. माझ्या आयुष्यातला हा पहिला डेटाबेस. दहावीच्या वर्षात एकोणीस नोंदी आहेत. विठ्ठल उमपांचा आवाजही तेव्हाच ओळखायला लागले, त्यांच्यासाठी वहीचं मागचं पान होतं. ‘आपली आवड’ला फर्माइशीची अकरा पोस्टकार्डं टाकली. एकदाही नाव आलं नाही. माझं अक्षर बघितलेले सर इथे आहेत, ते सांगतील का आलं नाही ते.

मला वाटायचं, शाहीर साबळे सांगलीतच राहतात. आकाशवाणीच्या शेजारी कुठेतरी. रोज संध्याकाळी फेटा बांधून जात असतील. सांगलीला इंजिनिअरिंगला गेले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी आकाशवाणीची इमारत बघायला गेले होते. फाटकाबाहेर उभी राहून बघितली आणि परत आले. तो बिचारा वॉचमन माझ्याकडे संशयाने बघत होता. त्याला काय सांगणार, माझ्या घरातलं एक भांडण तुमच्या इमारतीने मिटवलं म्हणून?

१९९९ मध्ये शिष्यवृत्तीच्या पैशातून त्यांची कॅसेट घेतली. मग हळूहळू वाचत गेले. कृष्णराव गणपतराव साबळे. जन्म १९२३, वाईजवळच्या पसरणीत. म्हणजे आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातले. लहानपणी शिक्षणासाठी अमळनेरला आजीकडे होते, तिथे साने गुरुजींचा सहवास लाभला. स्वातंत्र्याच्या चळवळीत गाणी म्हटली. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात डफ वाजवला. मग मुक्तनाट्यं केली. ‘यमराज्यात एक रात्र’, ‘आंधळं दळतंय’. नावंच बघा. राज्यकर्त्यांना, समाजाला जे ऐकवायचं ते यमाच्या दरबारात नेऊन, हसवून ऐकवायचं. ‘महाराष्ट्राची लोकधारा’ काढली आणि वासुदेव, गोंधळी, कोळी, बाल्या सगळ्यांना एका रंगमंचावर आणलं. १९९८ मध्ये पद्मश्री मिळाली. ज्या गाण्याला सगळे उभे राहतात, ते राजा बढे यांचं आणि श्रीनिवास खळे यांनी चाल दिलेलं ‘जय जय महाराष्ट्र माझा’, तेही यांच्याच आवाजातलं. २०२३ मध्ये ते राज्यगीत झालं. त्याच वर्षी त्यांच्या नातवाने त्यांच्यावर चित्रपट काढला. मी थिएटरात आईला घेऊन गेले होते. सगळं थिएटर त्यांना महाराष्ट्राचा शाहीर म्हणून बघत होतं. आई माझ्या कानात म्हणाली, “आपल्या भाकऱ्या करपवल्या ते हेच ना?”

मी त्यांना प्रत्यक्ष कधीच बघितलं नाही. २० मार्च २०१५ ला ते गेले. मी ऑफिसात होते. बातमी वाचली आणि आईला फोन लावला. आई म्हणाली, “आजी असती तर रडली असती.” मग थोडं थांबून, “नाही, हसली असती.”

आता माझ्या धंद्याबद्दल एक मिनिट, म्हणजे मी इंजिनिअर आहे हे तुम्हाला खरं वाटेल. आमच्या कामात चुका सांगाव्या लागतात, रोज. दुसऱ्याने लिहिलेल्या प्रोग्रॅममधली चूक त्याला दाखवायची, वरच्या साहेबाला सांगायचं की तुमचा निर्णय चुकला. सुरुवातीला मी हे फार तोडून करायचे. माझं म्हणणं बरोबर असायचं आणि कुणी ऐकायचं नाही. एकदा आमची एक मोठी यंत्रणा सारखी बंद पडत होती. वरच्यांना तीन वेळा ईमेल लिहून झाली होती. चौथ्या वेळी मीटिंगमध्ये मी उभी राहिले आणि त्या यंत्रणेची सून होऊन गाऱ्हाणं सांगितलं. सासरी मेमरी नाही. जुनं सर्व्हर फाटलंय, शिवायला माणूस नाही. डेटा आहे, पण वर बॅकअपची धार नाही. लोक हसले. साहेब सगळ्यात जास्त हसले. पुढच्या महिन्यात पैसे मंजूर झाले.

गंमत करायला हे सांगत नाही. मला त्यातलं तंत्र उशिरा कळलं. भारूड म्हणणारा माणूस ‘तू चुकलास’ असं म्हणत नाही. विंचू त्याला स्वतःला चावलेला असतो. नवरा त्याचा स्वतःचा वाईट असतो. तो आधी स्वतःच्या घरचं गळकं छप्पर दाखवतो. आपण निर्धास्तपणे हसतो, आणि हसता हसता वर बघतो तर आपलंही छप्पर गळतंय. साबळ्यांचा आवाज हे असं करायचा. माझ्या आईला आणि आजीला कुणी समोर बसवून समजावलं असतं, की तुम्ही दोघी एकाच माणसाच्या काळजीने मरताय, मग बोला एकमेकींशी, तर दोघींनी तोंडं फिरवली असती.

तसं आपलंही आहे. आपण सगळे आता पंचेचाळिशीत आहोत. आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सगळे सुखी आहेत. कालपासून इथे बसून कळतंय, कुणाची नोकरी गेलीय, कुणाचं घर मोडलंय, कुणी दोन वर्षं भावाशी बोललेलं नाही. आणि ग्रुपवर सकाळी गुलाबाची फुलं! मी चौदाव्या वर्षी नसलेली सायकल सांगत होते. आपण अजूनही तेच करतोय. मला एवढंच सांगायचंय, की ज्याचं छप्पर गळतंय त्याने इथे येऊन सांगावं. रडून सांगता येत नसेल तर हसून सांगावं. आपण हसू, नावंही ठेवू, ‘दादला’सारखी. पण ऐकू.

सर, बाई, शाळेचा वाटा काय, असं विचारलंत. गाणं रेडिओने दिलं, गाऱ्हाणं घराने दिलं. ते चारचौघांत उभं राहून हसत कसं म्हणायचं, हे शाळेने दिलं.

आता शेवटचं. आज अण्णा माझ्याबरोबर आले आहेत. चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. बाहेर कडुलिंबाखाली खुर्चीवर बसलेत. कानाचं मशीन घेऊन दिलंय, ते खिशात आहे, कानात नाही. सकाळी त्यांना विचारलं, हे सगळं सांगू का? ते म्हणाले, “सांग की. मला कुठं ऐकू येतंय.”

म्हणून साउंडवाल्या दादांना माझी विनंती आहे, बाहेरचा कर्णा जरा मोठा करा. भाषण इथे संपवते आणि ते भारूड म्हणते. तेलाची ओळ या वेळी हळू म्हणणार नाही.

(यानंतर वक्त्यांनी भारूड सादर केले. आग्रहास्तव ते दोनदा म्हणावे लागले. – संपादक मंडळ)